रायरांची मान

कुंभकोणम्‌मध्ये कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की घरचे आधी वैद्याकडे जात, मग सरकारी दवाखान्यात, मग देवळात, आणि सगळीकडून हात हलवत परत आले की मेलकावेरीला व्यंकोजीकडे. व्यंकोजी त्यांना प्रथम शिव्या देई. उशीर केल्याबद्दल, आजाऱ्याचा लुळा हात धरून ओढल्याबद्दल, त्याला उताणं निजवून तोंडात पाणी ओतल्याबद्दल. यांतलं त्यांनी नेमकं काय केलं आहे हे तो विचारत नसे. सगळंच केलेलं असणार असं तो धरून चाले, आणि बहुधा ते खरं निघे. शिव्या संपल्या की पंचा खांद्यावर टाकून तो निघे.

माणूस दणकट, रंगानं काळा, मिशा अंगाला शोभतील अशा. त्याचा आजा तंजावरच्या राजवाड्यात पैलवान होता. संस्थान खालसा झालं, राजाच उरला नाही, तेव्हा त्याच्यापुढं कुस्ती खेळणारा तरी कशाला उरेल? आजा कुंभकोणम्‌ला आला आणि ज्या हातांनी माणसं आपटली होती त्याच हातांनी लोकांची दुखरी अंगं चोळू लागला. बापानं तेच केलं. व्यंकोजीही तेच करत सुखानं म्हातारा झाला असता, पण त्याचा थोरला भाऊ एकोजी नारळाच्या झाडावरून पडला.

एकोजी मेला नाही, ही पंचाईत झाली. कंबरेखालचं सगळं अंग गेलं. व्यंकोजीनं भावाची सेवा अगदी मनापासून केली आणि सगळी चुकीची केली. हलवलं तर दुखेल म्हणून त्याला जागचं हलू दिलं नाही. एकोजीला कंबरेखाली दुखतच नव्हतं, त्यामुळे तोही कुरकुर करीना. पाठीला जखम झाली आहे हे वासावरून कळलं, आणि कळलं तेव्हा आत हाड दिसत होतं. एकोजी पुढच्या पोंगलपर्यंतही राहिला नाही. भावाला आपण आपल्या हातानं कुजवला, ही गोष्ट व्यंकोजीच्या काळजात जी बसली ती पुढं कधी निघाली नाही. नंतर तो दवाखान्यात आजारी उचलायच्या कामावर लागला. तिथं एका गोऱ्या नर्सबाईनं त्याला दाखवलं, की पडून असलेल्या माणसाला वेळच्या वेळी या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची, टाचा अधांतरी ठेवायच्या. एवढं सोपं होतं हे पाहून व्यंकोजी भर वॉर्डात हुंदके देऊन रडला. बाईला वाटलं, आपण फार कडक बोललो. पुढं दवाखान्यानं त्याला काढून टाकलं. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना तो तोंडावर खुनी म्हणे, असं कारण सांगतात.

असे कितीतरी आजारी त्याच्या हाताखालून गेले. पण गावाला तो माहीत आहे तो वैद्यनाथ रायरांमुळं.

तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या मराठी ब्राह्मणांना इकडचे लोक रायर म्हणतात. वैद्यनाथ रायर मुन्सफ कोर्टात शिरस्तेदार होते. सबंध नोकरीत त्यांनी कुणाच्याही बोलण्याला मान डोलावली नाही, अशी त्यांची ख्याती होती. खुद्द मुन्सफानं ‘आज उकडतंय नाही?’ असं विचारलं तरी रायर ‘पाहून सांगतों’ म्हणत आणि खरंच बाहेर जाऊन पाहून येत. विलायतेत राणी वारली आणि तिचा म्हातारा मुलगा गादीवर बसला, त्या सुमारास रायर नोकरीतून मोकळे झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी जेवून झोपाळ्यावर बसले असता त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली आणि वाचा बसली. संध्याकाळपर्यंत शुद्धही हरपत चालली. डॉक्टरनं नाडी पाहिली आणि उद्याची सकाळ दिसणार नाही असं सांगितलं.

रायरांच्या घराण्यात एक चाल होती. माणूस जायला लागला, की त्याला मरता मरता संन्यास द्यायचा. संन्यासी होऊन मेलं की मोठं पुण्य. मग जाळत नाहीत, खड्ड्यात बसतं करून भोवती मीठ भरून पुरतात आणि वर तुळशीवृंदावन बांधतात. रायरांचे आजोबा, वडील आणि काका असे तिघेही शेवटच्या घटकेचे संन्यासी, आणि तिघांचीही वृंदावनं कावेरीच्या काठी ओळीनं होती. घराण्याला त्यांचा फार अभिमान. या तिघांनी आणखी एक गोष्ट नीट केली होती. संन्यास घेतल्यावर ते लगोलग मेले होते.

घरचे उपाध्याय चंद्रमौळी शास्त्री हे रायरांचे लहानपणचे सोबती. ते डोळे पुसत कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, “वैद्यनाथा, संन्यास घेतोस काय?” आजाऱ्याची वाचा बसली असेल तर त्यानं मनानं म्हटलं तरी चालतं, असं शास्त्र आहे. मनानं म्हटलं की नाही हे कळायला काहीतरी खूण हवी. रायरांनी डोळे उघडले आणि मान डोलावली. जन्मात न डोललेली मान डोलताना पाहून जमलेल्या मंडळींच्या अंगावर काटा आला. लगेच जानवं काढलं, शेंडी उतरली, भगवी छाटी पांघरली. मुलगा नरसिंह यानं मिठाची पोती मागवली आणि नदीकाठी माणसं खणायला लावली.

सकाळी रायरांनी कंजी, म्हणजे तांदळाची पेज, मागितली. मागितली म्हणजे भांड्याकडे पाहिलं. कुणीतरी दिली, ती ते प्यायले. दुसऱ्या दिवशीही प्यायले. खणणारी माणसं खड्ड्याच्या काठावर पान खात बसली होती, ती कंटाळून निघून गेली.

आता काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण घराण्यात ही वेळ कधी आली नव्हती. संन्याशानं आपल्या घरात राहायचं नाही, बायकोचं तोंड पाहायचं नाही. संन्यास टाकून घरी परतलेल्या माणसाला तर शास्त्रात जागाच नाही. चोराला प्रायश्चित्त आहे, दारुड्याला आहे, याला नाही. मग वाटसरूंसाठी नदीकाठी घराण्यानं बांधलेलं एक लहानसं छत्र होतं, तिथं रायरांना खाटेवर घालून नेलं. मिठाची पोतीही तिथंच नेऊन ठेवली, न जाणो. रायरांना आता सगळ्यांनी स्वामी म्हणायचं ठरलं. ज्या बापाच्या हातचा मार खाऊन नरसिंह मोठा झाला होता, त्या बापाला तो रोज सकाळी ‘स्वामी’ म्हणून साष्टांग नमस्कार घालू लागला. रायर त्याच्याकडे असे पाहत, की याला पुन्हा काय झालं.

रायरांच्या बायकोचं, कामाक्षीबाईंचं, काय हा प्रश्न राहिलाच. एका शास्त्र्यानं सांगितलं, नवरा जिवंत आहे तोवर कुंकू राहतं. दुसऱ्यानं सांगितलं, संन्याशाला बायको नसते, तेव्हा कुंकू कुणाच्या नावाचं? कामाक्षीबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि कुंकू बारीक लावायला सुरुवात केली. त्या रोज अंघोळीला छत्राखालच्या घाटावर येत आणि येता-जाता छत्राच्या भिंतीशी थांबत. भिंत पुरुषभर उंच होती. पलीकडे पंधरा-वीस पावलांवर नवरा पडलेला, पण तो दिसत नसे.

सेवेला पहिले काही दिवस गावातले ब्राह्मण पुढं होऊन आले. संन्याशाची सेवा म्हणजे केवढं भाग्य! पण संन्यासीही इतरांसारखाच अंथरुणात घाण करतो, हे लक्षात आल्यावर त्यांचं भाग्य ओसरलं. तेव्हा व्यंकोजीचं नाव निघालं. एरवी व्यंकोजी रायरांच्या ओटीच्या वर पाय ठेवू शकला नसता. पण संन्याशाला जात नाही, सोवळं नाही, मग विटाळ तरी कसला, असा तोडगा चंद्रमौळी शास्त्र्यांनी काढला. जेवण तेवढं घरून शिजून यायचं. बाकी सगळं व्यंकोजीनं करायचं.

व्यंकोजीनं आत येऊन आधी रायरांना कुशीवर वळवलं. माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग होता, मधोमध काळपट. त्यानं उठून शास्त्र्यांना, नरसिंहाला, खाट विणणाऱ्याला आणि संन्यास या आश्रमालाच शिव्या घातल्या. मग कामाला लागला.

त्याचं काम बघायला छत्रावर माणसं जमत. तो रायरांना कधी हाताला धरून उचलत नसे. पाठीमागून काखेखालून स्वतःची छाती लावून, एखादं धान्याचं मापटं न सांडता उचलावं तसा उचले. कुशी बदलायची वेळ झाली की नदीवर असला तरी ओल्या अंगानं धावत येई. डागाखाली कोवळं केळीचं पान अंथरी, उजव्या मुठीत कापडाची गुंडाळी ठेवी, पाय लोंबू नये म्हणून पायथ्याशी फळी उभी करी. पाणी दिलं की रायरांना ठसका लागे, म्हणून पाणी बंद करून दाटसर कंजी सुरू केली. तीसुद्धा बसतं करून, हनुवटी खाली धरून, चांगल्या बाजूनं चमच्याचमच्यानं. घास गिळला तरी लुळ्या गालात काही राहिलंय का ते बोट घालून पाही. मिठाच्या पोत्यांपैकी एक फोडून त्यानं पुरचुंड्या बांधल्या. त्या तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहून, मग रायरांचा खांदा शेकत असे. नरसिंहानं ते पाहिलं आणि उरलेली पोती मोजली. डाग भरून आला. पुढं दोन बांबूंच्या मध्ये उभं करून रायर चार पावलं टाकू लागले.

हे सगळं करताना व्यंकोजी सारखा बोलत असे. “रायर, आतां या कुशीला वळूं. बरें की?” रायर मान डोलावत. “शेक फार ऊन नाहीं ना?” मान डोले. शास्त्री मागून म्हणत, “स्वामी म्हण, स्वामी.” व्यंकोजी म्हणे, “शरी, स्वामी,” म्हणजे बरं, स्वामी, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा रायर म्हणे.

या मानेचा व्यंकोजीला मोठा गर्व झाला. अंगावरून वारं गेलेली माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती. कुणी नुसतं रडे, कुणी एकच शब्द दिवसभर घोळवी. पण प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणारा असा शहाणा आजारी त्याच्या हाताला प्रथमच लागला होता. हे आपल्याच हाताचं यश, असं त्यानं केशकर्तन करणाऱ्यापासून तेल गाळणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. “विचारा काय विचारायचें तें. सगळ्याला मान देतात. माझ्या रायरांचें डोकें तुमच्याहून साफ आहे.” लोक येऊन काहीबाही विचारत आणि मान घेऊन खूश होऊन जात. पिकं चांगली येतील की नाही, हेही विचारून गेले.

कामाक्षीबाई भिंतीपलीकडून चौकशी करत. रोज दुपारी व्यंकोजी भिंतीशी जाऊन वर्दी देई. एकदा बाईंनी विचारलं, “जेवण पुरतें की? उद्यां काय करूं, तें विचारून या.”

व्यंकोजी आत गेला आणि बाजारात काय काय आलंय ते आठवून त्यानं पहिलंच नाव घेतलं. “रायर, उद्यां पडवळ चालेल की?” रायरांनी मान डोलावली. व्यंकोजी भिंतीशी परत आला. “पडवळ करा, अम्मा. मुगाच्या डाळींत मऊ शिजवून. हो म्हणाले.”

भिंतीपलीकडे बाई परत जायला वळल्या होत्या, त्या थांबल्या.

“पडवळ?”

“हो, अम्मा.”

“व्यंकोजी, लग्न होऊन आलें तेव्हां पहिल्या सणाला मी पडवळ केलें होतें. तें पान त्यांनी अंगणांत नेऊन ठेविलें, गाईपुढें. गाईनेंही खाल्लें नाहीं. त्यावर आजवर आमच्या घरांत पडवळ आलें नाहीं.”

“आजारांत रुचि पालटते, अम्मा.”

“त्यांची?” बाई म्हणाल्या.

व्यंकोजीला राग आला. आपल्या आजाऱ्याच्या डोक्यावर कुणी शंका घ्यावी आणि तीही पडवळावरून, हे त्याला सहन झालं नाही. तो तरातरा आत गेला, रायरांच्या समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “रायर, मी तंजावरचा राजा आहें काय?” रायरांनी मान डोलावली. “छत्राला आग लागली आहे काय?” मान डोलली. “तुम्ही कोंबडी आहां काय?” रायरांनी त्याच्याकडे शांतपणे, अगदी शिरस्तेदाराच्या नजरेनं पाहिलं आणि मान डोलावली.

पहिल्यांदा व्यंकोजीला आठवला तो सगळा बाजार, ज्याला तो सांगत सुटला होता. मग आठवलं, की शेक ऊन नाही ना, या प्रश्नालाही हीच मान मिळत होती. मनगटावर लावून पाहायची सवय नसती तर खांदा भाजून निघाला असता. “इतके दिवस मज बनविलेंत की हो,” तो रायरांना म्हणाला. रायरांनी तेही मान्य केलं.

भिंतीशी यायला त्याला वेळ लागला. आला तेव्हा मिशीतल्या मिशीत म्हणाला, “अम्मा, पडवळ नका करूं.” घडलं ते सगळं त्यानं सांगितलं, कोंबडीसुद्धा वगळली नाही.

बाईंनी विचारलं, “मग त्या दिवशींची मान?”

कुठल्या दिवसाची हे व्यंकोजीला सांगावं लागलं नाही. ती मान पोकळ असेल तर संन्यास झालाच नव्हता. रायर गृहस्थ होते, बाई त्यांची बायको होती, आणि घर इथून हाकेच्या अंतरावर होतं. भरीव असेल तर रायर याच छत्रात मरणार आणि बाईंना त्यांच्या तोंडात पाणीही घालता येणार नव्हतं. व्यंकोजीला आपलंही दिसत होतं. रायर पुन्हा ब्राह्मण झाले की आपण पुन्हा ओटीच्या खाली, आणि मग त्यांना वेळेवर वळवणार कोण? लाल डाग त्याच्या डोळ्यांपुढं आला. पण भिंतीपलीकडे बाई उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. तो म्हणाला, “शास्त्र्यांना बोलावतों.”

चंद्रमौळी शास्त्री आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि एकटेच रायरांजवळ बसले. काय विचारलं कोण जाणे. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. “प्रश्न मी केला, मान मी पाहिली, जानवें मी काढिलें,” ते नरसिंहाला म्हणाले. “हें झांकून ठेवितां येणार नाहीं. सभा भरवूं.”

सभा छत्राच्या अंगणात भरली. पट्टीश्वरम्‌हून म्हातारे दीक्षित आले. इकडच्या मुलुखात धर्माच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा. रायरांना भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि व्यंकोजी उजव्या बाजूला खांद्याचा आधार देऊन होता. कामाक्षीबाई भिंतीपलीकडे.

दीक्षितांनी तपकीर ओढली आणि विचारलं, “आपण संन्यास घेतला काय?” रायरांनी मान डोलावली. “घेतला नाहीं काय?” डोलावली. “मी काल वैकुंठाहून उतरलों काय?” डोलावली. “हा चंद्रमौळी मूर्ख आहे काय?” मान जरा जास्तच डोलल्यासारखी वाटली.

“हें एक खरें असेल,” चंद्रमौळी शास्त्री म्हणाले. “पण माझें ऐका. आजची मान पोकळ आहे, हें दिसलें. त्या दिवशींचीही पोकळच होती, हें कशावरून? त्या दिवशीं शुद्ध असेल, मागाहून गेली असेल. त्याच्या मोक्षाची गोष्ट आहे. नुसत्या मायेनें मी त्याचा संन्यास पुसूं काय? त्या दिवशीं त्याला दुसरें कांहीं कोणीं विचारिलें होतें?”

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. त्या दिवशी कुणाला काही विचारायचं सुचलंच नव्हतं. शास्त्र्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि ते व्यंकोजीलाही कळत होतं. त्याला त्यांचा गळा धरावासा वाटला, पण हात रायरांच्या खांद्याखाली अडकले होते.

“मी विचारिलें होतें.”

आवाज भिंतीपलीकडून आला. सभेत बाईमाणूस बोललं म्हणून एकदोघांनी कपाळाला आठ्या घातल्या. दीक्षितांनी हात वर केला. “बोला, अम्मा.”

“तुम्ही सारे येण्याआधीं,” कामाक्षीबाई म्हणाल्या. “तिन्हीसांजेला मी एकटीच होतें जवळ. कानाशीं म्हटलें, मज सोडून चाललांत काय? तर मान हालविली. मज तें सोसलें नाहीं. म्हणून लगेच म्हटलें, नाहीं ना जात मज सोडून? तर पुन्हां हालविली.”



“ती दुसरी तेवढी मी ठेविली होती,” बाई म्हणाल्या. “कोणास सांगितली नाहीं. या सगळ्या दिवसांत तीच एक होती माझ्यापाशीं. पण दोन्ही मिळून एकच होती, हें मज आतां कळतें. धरा ती तुमच्या हिशेबांत.”

व्यंकोजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, त्यामुळे ते मिशीत गेलं. चंद्रमौळी शास्त्री मान खाली घालून बसले होते. दीक्षितांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली.

“संन्यास झाला नाहीं,” ते म्हणाले. “प्रायश्चित्त करा, जानवें घाला, घरीं न्या.”

त्यानंतर रायरांची दुसऱ्यांदा मुंज लागली. बटूच्या तोंडात दात थोडे होते. मुहूर्त साधायला बटूला दोरीनं आपल्या छातीशी बांधून व्यंकोजीनं मागून सावरून धरलं होतं, असं लोक सांगतात. दोरीचं खोटं आहे, धरल्याचं खरं. पण जानवं गळ्यात पडताच रायरांना जात परत आली, आणि मंडळी व्यंकोजीकडे पाहू लागली. आता यानं हात काढायला हवा. व्यंकोजीनं काढला नाही. काढला असता तर रायर पडले असते.

घरी न्यायला कामाक्षीबाई छत्राच्या दारातून आत आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तिरुभुवनम्‌चं जुनं रेशमी लुगडं नेसल्या होत्या. नरसिंहानं हळूच विचारलं, “अम्मा, घरीं व्यंकोजीचें कसें करावें?”

“ते येतील,” बाई म्हणाल्या. “रोज येतील, आंत येतील. शिवले तर अंघोळ करूं. कावेरीला पाणी आहे.” शास्त्र्यांनी नदीकडे पाहिलं, जणू पाणी आहे की नाही याची खात्री करून घेत होते.

मग बाई नवऱ्यासमोर जमिनीवर बसल्या. रायरांनी त्यांच्याकडे पाहिलं. वाकड्या तोंडानं हसणं आणि रडणं वेगळं ओळखू येत नाही, त्यामुळे ते काय होतं हे व्यंकोजीला सांगता आलं नाही.

“अहो,” बाई म्हणाल्या, “घरीं येतां की?”

रायरांनी मान डोलावली.

सगळ्यांचे चेहरे फुलले आणि तसेच राहिले. या मानेला काही अर्थ नाही, हे या सगळ्यांनी मिळूनच तर ठरवलं होतं. बाईंनीही ठरवलं होतं. व्यंकोजीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहवेना. त्यानं नुसता रायरांच्या पाठीखालचा हात घट्ट केला.

कामाक्षीबाई उठल्या नाहीत. पदर सारखा करून त्यांनी दुसराही प्रश्न विचारला, कारण विचारायचे तर दोन्ही विचारायला हवे होते.

“कीं इथेंच राहतां?”

रायरांची मान हलू लागली. नेहमीसारखी, खाली. व्यंकोजीला ती खांद्यातूनच कळली. मग रायरांच्या अंगाला कंप सुटला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि त्यांचा डावा हात मांडीवरून उठला. तो आधी गालाला लागला, मग घसरला, मग पुन्हा वर आला आणि त्यांनी आपल्याच हातानं आपली हनुवटी गच्च धरली. मान तिथंच थांबली. कपाळावर घाम आला होता. ते बायकोकडे पाहत होते आणि हनुवटी सोडत नव्हते.

“शरी,” कामाक्षीबाई म्हणाल्या. “कळलें. सोडा आतां, दुखेल.”

रायरांनी सोडली नाही. तशीच धरलेली ठेवून त्यांना खाटेवर घातलं आणि घरी नेलं.